राखेतली द्राक्षबाग

द्राक्षबाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नाशिक-सांगलीकडचे मांडव उभे राहतात. ती बहुतेक खायची द्राक्षे. वाइनची द्राक्षे आपल्याकडे अलीकडची. जगात ती मुख्यतः विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात पिकतात. उत्तरेला फ्रान्स, इटली, स्पेन. दक्षिणेला चिली, आर्जेन्टिना, ऑस्ट्रेलिया. तिथे कडाक्याच्या थंडीत वेल पाने झाडून झोपी जाते आणि वसंतात आपसूक फुटते. आपल्याकडे तिला अशी झोप लागत नाही, म्हणून तर आपण एप्रिल-ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी करतो.

पण बंधू-भगिनींनो, आज सांगायचे आहे ते या पट्ट्याच्या किंचित बाहेर पडणाऱ्या एका बेटाबद्दल. लान्झारोते त्याचे नाव. बेट स्पेनचे, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर. वर्षाचा पाऊस जेमतेम सहा इंच! आपल्या माणदेशातही याहून कितीतरी जास्त पडतो.

सप्टेंबर १७३० मध्ये तिथे जमीन फुटली. ज्वालामुखी थांबत-भडकत १७३६ पर्यंत चालला. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हाखाली गेला. गावे गेली, आणि धान्याची उत्तम जमीनही गेली. पुष्कळ कुटुंबे शेजारच्या बेटावर निघून गेली. जी राहिली, त्यांच्या शेतांवर काळ्या, बारीक खडीसारख्या राखेचा थर बसला होता. तुम्हीच सांगा, अशा रानात काय पेरणार?

हळूहळू त्यांच्या ध्यानात आले, की राख उकरली तर खालची माती ओलसर असते. रात्रीचा दमट वारा आणि दव ती खडी शोषून घेते आणि दिवसा ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. उसाच्या पाचटाचे आच्छादन करणाऱ्यांना यातले मर्म सांगायला नको.

मग त्यांनी खड्डे खणले. राखेचा थर जाड असेल तिथे पुरुष-दीड पुरुष खोल, पसरट, नरसाळ्यासारखे. तळाशी जुनी माती लागली की तिथे वेल लावायची. एका खड्ड्यात एक, फार तर दोन. समुद्रावरचा वारा सतत झोडपतो, म्हणून खड्ड्याच्या काठावर वाऱ्याच्या अंगाला दगडांचा अर्धगोल गडगा, चुना-माती न लावता रचलेला. ना मांडव, ना तारा. वेल जमिनीलगत पसरते. ला खेरिया नावाच्या भागात असे हजारो खड्डे आजही पाहायला मिळतात.

उत्पन्न मात्र बेताचे, आणि कष्ट विचारू नका. वाऱ्याने राख घसरून खड्डा भरत राहतो, तो पुन्हा उपसायचा. ढासळलेला गडगा पुन्हा रचायचा. यंत्र त्या उतारावर चालत नाही. ऐन उन्हाळ्यात तोडणी येते तेव्हा माणसेच खड्ड्यात उतरतात आणि भरलेल्या पाट्या उचलून, पायाखालची राख सरकत असताना वर चढतात.