मिरवणूक बघा, पण लांबून

हिवाळा सरत आला, की स्पेन, इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये पाइनच्या झाडांवरून केसाळ सुरवंट खाली उतरतात. पुढच्याला डोके टेकवून एकामागे एक अशी त्यांची लांबलचक रांग निघते. मऊ जमीन सापडली, की आत शिरून ते कोष करतात. म्हणून या पतंगाचे नाव 'पाइन प्रोसेशनरी मॉथ', म्हणजे मिरवणूक काढणारा पतंग. ही मिरवणूक लहान मुलांना आणि कुत्र्यांना हमखास जवळ खेचते आणि धोका तिथेच असतो.

आपल्याकडे शेवग्यावरचा केसाळ सुरवंट अंगाला लागला, तर खाज सुटते. इथे मात्र स्पर्शाचीही गरज नसते. पाठीवर दिसणाऱ्या लांब केसांखेरीज या सुरवंटाला लाखो सूक्ष्म, टोकदार केस असतात. त्यांची लांबी मिलिमीटरचा जेमतेम एक-दोन दशांश भाग. सुरवंट डिवचला, की ते सुटून हवेत पसरतात, त्वचेत रुततात आणि त्यांच्यातली प्रथिने दाह निर्माण करतात. अंगावर पुरळ उठते, डोळे लाल होतात, काहींना धाप लागते. कुत्र्याने तोंड लावले तर जीभ सुजते, कधी तिचा भाग सडून गळतो. रिकाम्या घरट्यांतले केसही त्रास देतात.

केस लागल्यास चोळू नये. चिकटपट्टीने ते उचलून घ्यावेत, त्वचा साबण-पाण्याने धुवावी, कपडे बदलावेत. डोळ्यांत केस गेले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

हा प्रश्न आता उत्तरेकडे सरकतो आहे. हे सुरवंट ऐन हिवाळ्यात वाढतात. दिवसा त्यांचे रेशमी घरटे ९ अंशांपर्यंत तापले आणि रात्री पारा शून्याखाली गेला नाही, तरच ते बाहेर पडून पाइनची सुईसारखी पाने खातात. कडाक्याची थंडी हेच त्यांचे कुंपण होते. हिवाळे उबदार झाले तसे ते मोडले. १९७२ ते २००४ या काळात उत्तर-मध्य फ्रान्समध्ये त्यांची हद्द ८७ किलोमीटर उत्तरेला सरकली. २०२२ मध्ये फ्रान्सने या कीटकाला मानवी आरोग्यास घातक प्रजातींच्या यादीत घातले.

उपायांमध्ये घरटी छाटणे आणि खोडाभोवती सापळे लावणे येते. निसर्गाची मदतही आहे. आपल्या ओळखीचा हुदहुद तिथे जमीन उकरून यांचे कोष खातो.