फेअरिंगवरचे आरसे काढताना

यामाहा आर१५सारख्या फेअरिंगवाल्या, म्हणजे पुढे प्लास्टिकचं आवरण असलेल्या, बाइकचे आरसे काढून अनेक जण हँडलच्या टोकांना बसवतात. तिथली मूळची वजनं हँडलची थरथर कमी करतात. ती काढून हलका आरसा लावला, की मागची गाडी धूसर दिसते. जड बुडाचाच आरसा घ्या.

खरी हेळसांड होते ती फेअरिंगवर उरलेल्या भोकांची. बऱ्याच बाइकवर आरशाचेच बोल्ट फेअरिंगला आतल्या लोखंडी पट्टीशी धरून ठेवतात. ते गेले की प्लास्टिक खडखडतं, भोकाच्या कडेला तडकतं. पावसाचं पाणी हेडलाइटमागच्या वायरिंगपर्यंत पोचतं. नुसती चिकटपट्टी पावसात टिकत नाही. खाली रबरी वॉशर घालून भोक झाकणारी ब्लॉक-ऑफ प्लेट बोल्टने बसवा, पण बेताने आवळा. जोर जास्त झाला तर एबीएस प्लास्टिक चिरतं. आणि नवे आरसे बसेपर्यंत जुने काढू नका.