‘होम मॅच’ म्हणजे कोणाचं घर?

लीग फुटबॉलमध्ये दोन संघ साधारणपणे दोनदा भिडतात: एकदा आपल्या मैदानावर, एकदा समोरच्यांच्या. आपल्याकडची ती ‘होम मॅच’. मैदान ओळखीचं, प्रवासाचा शीण नाही आणि गॅलरी आपली.

सुरतच्या चाहत्याला मात्र होम मॅचसाठीही प्रवास आलाच. इंडियन सुपर लीगमधला त्याच्या जवळचा संघ मुंबई सिटी. मैदान अंधेरीचं, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. पहाटे फ्लाइंग राणी पकडायची, दुपारी वडापाव, संध्याकाळी आकाशी जर्सीत घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि रात्रीच्या गाडीने परत.

एवढा खटाटोप कशाला? मॅच मोबाइलवर दिसतेच की! तर २०२०-२१ चा हंगाम आठवा. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना झाले. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल केला आणि मुंबईला पहिलं विजेतेपद मिळालं. एवढा मोठा क्षण, पण गॅलरी रिकामी. त्या वर्षी ‘होम’ फक्त वेळापत्रकात होतं.

मैदानाचं घर होतं ते येणाऱ्या माणसांमुळे. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतला संसार मांडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.