सात फुटांवरचा पट्टा

भडगावात गिरणेच्या काठी एखाद्या नव्या घराच्या भिंती सात फुटांवर आल्या की मिस्त्री हमखास विचारतो, लिंटल दार-खिडक्यांपुरतं टाकायचं, की सगळ्या भिंतींवरून फिरवायचं? सळईचा भाव आठवून मालक घुटमळतो. त्या घुटमळण्यात केवढं विज्ञान दडलंय!

आधी साधं लिंटल पाहू. चार फूट रुंद खिडकीवरचं लिंटल किती भिंत पेलतं? वरची सगळी, असं वाटतं ना? मुळीच नाही. सांधे चुकवून रचलेल्या विटा खिडकीच्या वर आपली आपणच एक न दिसणारी कमान धरतात आणि वरचं वजन दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरवतात. लिंटलच्या वाट्याला येतो तो विटांचा एक त्रिकोण, जेमतेम साडेतीन फूट उंचीचा. बाजूला पुरेशी भिंत असली, तर त्या त्रिकोणाच्या वर आणखी किती विटा चढल्या याचा लिंटलला पत्ताही लागत नाही! फक्त स्लॅब त्रिकोणाच्या आत टेकत असेल, तर त्याचं वजनही धरावं लागतं. आपल्या बैठ्या घरांत बहुधा तसंच असतं.

आता लिंटलच्या पोटात डोकावू. दोन टोकांवर टेकलेली कुठलीही तुळई वजनाखाली किंचित वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या जुन्या मंदिरातले खांब पाहा. दगडी तुळईला लांब उडी झेपत नाही, म्हणून तिच्याखाली खांब जवळजवळ उभे करावे लागले. काँक्रीटचंही तेच. दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका ताण आला की ते तडकतं. म्हणून ताणाच्या जागी, तळाशी, सळई.

इथे निसर्गाने आपल्यावर केलेली मेहेरबानी बघा. तापल्यावर लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारख्याच प्रमाणात वाढतात. नाहीतर खानदेशातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकला की सळई आणि काँक्रीट एकमेकांपासून सुटायला लागले असते. हे दोन पदार्थ एकमेकांसाठी कुणी घडवले नव्हते, तरी त्यांचं असं जमतं!

म्हणजे वजन उभं, सरळ खाली येत असेल, तर दोन्ही बाजूंना सहा-नऊ इंच टेकलेला लिंटलचा तुकडा पुरतो. मग पैसा खर्चून ते फिरवायचं कशाला?

कारण जमीन स्वस्थ बसत नाही. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा दाखवते. घराचा एक कोपरा खचला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, कारण ताण नेमका तिथेच गोळा होतो. याचं खरं औषध पायात आणि जोत्याच्या बीममध्ये आहे, हे खरं. पण सगळ्या भिंतींवरून फिरवलेल्या लिंटलचा सलग पट्टा भिंतींना एकत्र धरतो.

आणि जमीन हादरली तर? 14 मार्च 1938 रोजी आपल्या उत्तरेच्या सातपुड्यातच सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. मराठवाड्यातलं किल्लारी तर 1993 मधल्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे त्या परिसरात भूकंपाने सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंती जाडजूड दगडी होत्या, पण दगड मातीत बसवलेले, आणि डोक्यावर मातीचं जड छप्पर. भिंत तिच्या लांबीच्या दिशेने ढकलली तर टिकाव धरते. आडवी ढकलली तर कोलमडते. भूकंपात दोन भिंती टिकाव धरत असतात, त्याच वेळी उरलेल्या दोन कोपऱ्यांपाशी सुटून बाहेर झुकतात.

पट्ट्याची करामत इथे आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो. थंड होताना ती आवळते आणि लाकडाचे सुटे तुकडे एक चाक होऊन जातात. पट्टा आवळत नाही, पण चारही भिंतींना तसंच एका कड्यात धरतो. झुकणारी भिंत आपला भार टिकणाऱ्या भिंतीकडे सोपवते. तोही सात फुटांवर, दार-खिडक्यांनी भिंत जिथे पोखरलेली असते, नेमका तिथे!

ही कल्पना कुठे कसाला लागली असेल? बलुचिस्तानात. 1931 च्या भूकंपानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने तिथल्या रेल्वे क्वार्टरांच्या भिंती जुन्या रुळांच्या लोखंडाने बांधून घेतल्या. 1935 च्या भूकंपात तिथलं क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं; ती घरं उभी राहिली! किल्लारीनंतरच्या पुनर्वसनातल्या घरांतही असे पट्टे घातले गेले.

आणि खर्च? तीस बाय पंचवीस फुटांच्या घराच्या बाहेरच्या भिंती धरा. दार-खिडक्यांची रुंदी वजा जाता साधारण सत्तर फूट लांबी वाढते. नऊ इंच रुंद, सहा इंच जाड, दहा मिलिमीटरच्या चार सळया असा पट्टा घेतला, तर सहाएक पोती सिमेंट आणि रिंगांसकट सत्तर-पंचाहत्तर किलो लोखंड जास्त. दोनच सळया असतील तर जाडी तीन इंचांपर्यंत चालते, असं आयएस 4326 हे भारतीय मानक सांगतं.

घर कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभं असेल, तर भार सांगाडा घेतो. तिथे लिंटलचे तुकडे चालून जातात, सळई कॉलममध्ये गुंतवली तर उत्तमच. पण नऊ इंची विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकणार असाल, तर माझं मत पक्कं आहे: पट्टा फिरवाच, आतल्या भिंतींवरूनही. काँक्रीट ओतण्याआधी चारही कोपरे स्वतः पाहा. सळई कोपऱ्यात संपलेली नको. ती वळून दुसऱ्या भिंतीत चांगली लांबवर गेलेली हवी. जिन्याच्या खिडकीसाठी पट्टा मध्येच तोडू देऊ नका. एका जागी तुटला, तरी कडं उरत नाही.