‘विक्रीसाठी नाही’

‘केअर’ ही अमेरिकी संस्था २७ नोव्हेंबर १९४५ रोजी स्थापन झाली, तेव्हा तिचा सगळा भार सामान्य माणसाच्या खिशावर होता. महायुद्धाने युरोपची अन्नान्नदशा केली होती आणि त्या उपाशी माणसांचे नातेवाईक, मित्र अमेरिकेत मोठ्या संख्येने राहत होते. २२ अमेरिकी संस्थांनी एकत्र येऊन एक साधी व्यवस्था उभी केली. दहा डॉलर भरायचे, युरोपातल्या माणसाचे नाव-पत्ता द्यायचा. चार महिन्यांच्या आत खाद्यपदार्थांचा खोका त्याच्या हातात पडेल याची हमी संस्थेने घ्यायची. पहिले खोके ११ मे १९४६ रोजी फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात उतरले. ते मुळात सैनिकांसाठी बांधलेल्या शिध्याचे होते. युद्ध संपले, शिधा उरला आणि संस्थेने तो विकत घेतला. पुढे संस्था स्वतःचा खोका भरू लागली. त्यात डबाबंद मांस, दोन पौंड मार्गारीन, एक पौंड मध, एक पौंड मनुका, एक पौंड चॉकलेट, दोन पौंड साखर, अंड्यांची भुकटी, दूध पावडर आणि दोन पौंड कॉफी असे. खोका मिळाल्यावर घेणाऱ्याने पावतीवर सही करायची आणि ती पावती अमेरिकेतल्या देणगीदाराकडे परत जायची. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तेव्हा संस्थेखेरीज कोणी नव्हते.

सरकार मध्ये आले ते धान्याच्या ढिगामुळे. अमेरिकी शेतकऱ्याला किमान भाव मिळावा म्हणून सरकार त्याचा माल विकत घेत असे आणि गोदामे भरून वाहत. १९४९ च्या शेतीविषयक कायद्याने हा जादा माल सेवाभावी संस्थांना परदेशात वाटण्यासाठी देण्याची वाट मोकळी केली. १० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने ही वाट हमरस्ता बनली. हाच तो ‘पीएल ४८०’. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला हे नाव रेशनच्या तांबड्या गव्हामुळे चांगले आठवते. मात्र तो गहू एका सरकारने दुसऱ्या सरकारला रुपयांत विकलेला होता. त्याच कायद्यात फुकट वाटायच्या अन्नाचे वेगळे कलम होते आणि ते अन्न ‘केअर’सारख्या संस्थांच्या हातून जाई. ‘केअर’ भारतात १९५० पासून होती. केरळच्या शाळांत १९६० च्या दशकात मधल्या सुट्टीत मिळणारा उपमा तिच्याच मदतीचा. पुढे अंगणवाड्यांचा कार्यक्रम सुरू झाल्यावर मका, सोयाबीन आणि दूध यांचे मिश्र पीठ आणि तेल कित्येक राज्यांत तिनेच पुरवले.

या अन्नाच्या पोत्यावर हस्तांदोलनाचे चित्र असे आणि खाली इंग्रजीत मजकूर: अमेरिकेच्या जनतेकडून, विकण्यासाठी किंवा बदल्यात देण्यासाठी नाही. दहा डॉलरच्या खोक्यावर देणाऱ्याचे नाव होते, पोत्यावर देशाचे आले. बदल वरवर लहान दिसतो, पण त्यातच पुढची सगळी गोष्ट आहे.

सरकारी पैसा क्वचितच सुट्टा येतो. अन्नमदतीचे धान्य अमेरिकेतच खरेदी करायचे, अशी अट होती. ते किमान निम्मे अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यायचे हा १९५४ चाच नियम. १९८५ मध्ये हे प्रमाण ७५ टक्क्यांवर नेले आणि २०१२ मध्ये पुन्हा ५० वर आणले. ही जहाजे महाग पडतात. म्हणजे भुकेल्यांसाठी मंजूर झालेल्या रकमेचा एक वाटा आधी शेतमालाच्या व्यापाऱ्याकडे आणि जहाज कंपनीकडे जातो. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. हे वाटेकरी नसते, तर कायदा अमेरिकी संसदेत इतकी वर्षे टिकलाच नसता.

संस्थांची अडचण दुसरी होती. गावात विहीर खणायची, आरोग्य सेविकेचा पगार द्यायचा, तर हातात गहू असून काय उपयोग? त्यातून एक विलक्षण पद्धत रुजली. अमेरिकेत गहू घ्यायचा, जहाजाने गरीब देशाच्या बंदरात न्यायचा, तिथल्या गिरणी मालकाला विकायचा आणि आलेल्या रोकडीत विकासाची कामे करायची. १९८५ च्या कायद्याने अशा विक्रीसाठी किमान ५ टक्क्यांची अट घालून दिली. १९९६ मध्ये ती १५ टक्के झाली. ज्या मदतीच्या पोत्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे छापले जात होते, तिचाच एक हिस्सा आता कायद्यानेच विकायचा होता.

या व्यवहारात खोट किती येते, याचा हिशेब अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०११ मध्ये मांडला. परराष्ट्र मदतीचे काम पाहणाऱ्या ‘यूएसएड’च्या कार्यक्रमांत शंभर डॉलर खर्चून पाठवलेल्या मालाचे सरासरी ७६ डॉलरच हाती येत, शेती खात्याच्या कार्यक्रमांत तर ५८. तीन वर्षांत २१ कोटी ९० लाख डॉलर असे वाटेतच झिरपले. शिवाय त्याच बाजारात जो स्थानिक शेतकरी आपला माल घेऊन उभा असे, त्याचा भाव पडण्याची भीती वेगळी. त्याच शेतकऱ्याला वर आणण्यासाठी त्याच पैशातून प्रकल्प चाले.

‘केअर’ने २००६ मध्ये जाहीर केले की ही विक्री आपण टप्प्याटप्प्याने बंद करू आणि २००९ नंतर करणार नाही. याचा अर्थ दरवर्षी सुमारे साडेचार कोटी डॉलरवर पाणी सोडणे. सेवाभावी संस्थेने सरकारची एवढी रक्कम आपणहून नाकारावी, हे दुर्मीळच. ‘वर्ल्ड व्हिजन’ आणि तिच्याबरोबरच्या इतर संस्थांना हे पटले नाही. घटीचा का होईना, हा पैसा ज्या कामांना मिळतो त्यांना दुसरा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. विक्रीची सक्तीची टक्केवारी कायद्यातून गेली ती २०१८ मध्ये.

रोख अनुदानाची तऱ्हा वेगळी आहे. सरकार आधी कामाचा विषय, देश आणि रकमेची मर्यादा जाहीर करते. संस्था प्रस्ताव पाठवतात. ठेका असेल तर काय करायचे ते सरकार ठरवते. अनुदान असेल तर कल्पना संस्थेची, पण अनेक करारांत सरकार स्वतःच्या शिरकावाला जागा ठेवते: वर्षाचा आराखडा आणि प्रकल्पप्रमुखाची निवडसुद्धा त्याच्या मंजुरीने. मग ठराविक काळाने अहवाल, खर्चाचे तपशील, लेखापरीक्षण. सगळ्यात जास्त घासाघीस होते ती मुख्य कार्यालयाच्या खर्चावर. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, संगणक हे कोणत्याच एका प्रकल्पाचे नसतात आणि त्यांच्याविना एकही प्रकल्प चालत नाही. मोठ्या संस्था सरकारशी वाटाघाटी करून या खर्चाचा दर ठरवून घेतात. ज्यांचा असा दर ठरलेला नसतो त्यांना बराच काळ १० टक्केच मिळत, २०२४ मध्ये ते १५ झाले. पैसा घेणाऱ्या देशाचे नियम आणखी निराळे. भारतात २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, ती रक्कम दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही आणि ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत जमा व्हावी लागते.

अटी पैशापुरत्या थांबत नाहीत. ऑगस्ट १९८४ मध्ये मेक्सिको सिटीतल्या लोकसंख्या परिषदेत रीगन सरकारने जाहीर केले की गर्भपाताची सेवा देणाऱ्या किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थांना कुटुंबनियोजनाची अमेरिकी मदत मिळणार नाही. संस्था ते काम स्वतःच्या पैशाने करीत असली तरीही. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये हा नियम काढला, बुश यांनी २००१ मध्ये परत आणला, ओबामांनी २००९ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आणला, बायडेन यांनी २०२१ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २०२५ मध्ये पुन्हा आणला. आफ्रिकेतल्या एखाद्या गावातला दवाखाना चालू राहणार की बंद होणार, हे असे वॉशिंग्टनच्या निवडणुकीवर ठरते. २००१ मध्ये अफगाणिस्तानातली लढाई सुरू असताना परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सेवाभावी संस्थांना अमेरिकेच्या लढाऊ पथकाचा भाग म्हटले. त्यांनी ते कौतुकानेच म्हटले. पण गावात काम करणाऱ्याच्या जिवाला त्यामुळे धोका वाढतो, हे संस्थांना लगेच उमगले.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूएसएड’चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे सांगितले आणि १ जुलैपासून उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. केनेडींनी १९६१ मध्ये स्थापन केलेली संस्था अशी आटोपली. या गोंधळात एक जुनी बाब उघडी पडली. बऱ्याच करारांत संस्था आधी खर्च करते आणि सरकार नंतर भरपाई देते. काम झालेले, बिले सादर झालेली आणि पैसा अडकलेला, असे सुमारे २०० कोटी डॉलर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ मार्चला न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची स्थगितीची विनंती फेटाळली. पण ते पैसे झालेल्या कामाचे होते. पुढच्या महिन्याच्या पगाराची तजवीज त्या निकालात नव्हती. ज्यांच्याकडे गंगाजळी नव्हती, त्या लहान स्थानिक संस्थांनी तोवर माणसे घरी पाठवली होती.