परराज्यातील शिक्षण : खर्च आणि मोल

१९८९ सालच्या जून महिन्यात कर्नाटक शासनाने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या वार्षिक शुल्काविषयी एक अधिसूचना काढली. तिच्यानुसार शासकीय कोट्यातून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने २,००० रुपये भरावयाचे होते. कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांकडून २५,००० रुपयांपर्यंत आणि राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून ६०,००० रुपयांपर्यंत शुल्क घेण्याची महाविद्यालयांना मुभा होती. अध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच, अखेरची परीक्षाही तीच. परंतु विद्यार्थी कोठून आला यावर शुल्क तीसपटीने वाढू शकत होते. मीरतच्या एका विद्यार्थिनीने या व्यवस्थेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. अशी आकारणी म्हणजे शिक्षणाची विक्रीच होय, असे ठरवून १९९२ साली न्यायालयाने ती अवैध ठरविली. पुढील निकालांनी या निर्णयात पुष्कळ फेरफार केले. खाजगी संस्थांचा आपले शुल्क ठरविण्याचा अधिकार मान्य झाला. मात्र कॅपिटेशन फी निषिद्धच राहिली.

तथापि परराज्यातील विद्यार्थ्याला वेगळी वागणूक देणे हे प्रत्येक वेळी अन्यायाचेच असते, असे म्हणता येणार नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्य भारत राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून जादा रक्कम घेतली जात असे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. राज्यघटनेचे पंधरावे कलम जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते. निवासस्थानाचा उल्लेख त्यात नाही. शिवाय आपल्या पैशाने शिकलेले डॉक्टर आपल्याच भागात राहून सेवा करतील, अशी अपेक्षा राज्याने बाळगली तर ती गैरवाजवी नव्हे, असा हा विचार होता.

याच्या जोडीला दुसराही एक विचार सतत वावरत आला आहे. १९५९ पासून स्थापन होत गेलेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी ठेवण्यात आल्या. त्यांच्या जागी आलेल्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत ही विभागणी साधारणतः आजही पाळली जाते. १९५१ साली खरगपूरला सुरू झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत आणि तिच्या भगिनीसंस्थांत राज्यांचे कोटे नाहीत. वैद्यकीय शिक्षणात सर्वच जागा स्थानिकांसाठी राखून ठेवता येणार नाहीत, असे न्यायालयाने १९८४ साली ठरविले. त्यातूनच शासकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के जागा देशभरातील विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या. पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमातील निवासावर आधारित आरक्षण तर जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरविण्यात आले.

कुटुंबाने हिशेब मांडावयाचा तो या पार्श्वभूमीवर. अखिल भारतीय संस्थेत प्रवेश मिळाला तर परराज्यातून आल्याबद्दल सहसा दंड पडत नाही. खाजगी महाविद्यालयात मात्र शुल्काचा आकडा हा हिशेबाचा केवळ आरंभ असतो. वसतिगृह, खाणावळ, प्रवास आणि आजारपणात धावत जावे लागणाऱ्या पालकाचे बुडालेले कामाचे दिवस हे सारे त्यात धरले पाहिजे. घरी जाण्यायेण्यासाठी रेल्वे विद्यार्थ्यांना सवलत देते. भारतीय बँक संघाने २००१ साली आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. मात्र अभ्यासक्रम चालू असतानाही व्याज चढतच असते, याचे भान पुष्कळदा उशिरा येते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मूळ राज्याकडून मिळते. परंतु शुल्कमाफीच्या काही राज्यांच्या स्वतःच्या योजना राज्यातील महाविद्यालयांपुरत्याच मर्यादित असतात. घरापासून दूर जाताना अशी एखादी योजना मागे राहत असेल, तर तिची रक्कमही खर्चातच मांडावयास हवी.

सर्वांत महाग पडतो तो कोणत्याही पावतीवर न दिसणारा खर्च. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी बिहारमधील एखादा मुलगा अकरावीलाच राजस्थानातील कोटा शहरी जातो आणि बारावीची परीक्षाही तेथूनच देतो. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांच्या दृष्टीने विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याने बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून. म्हणजे पाटण्याच्या संस्थेतील गृहराज्याच्या जागांवरचा हक्क तो नकळत गमावून बसतो. बदल्यात जयपूरच्या संस्थेतील तशा जागांवर त्याला हक्क मिळतो, हे खरे. पण हा विनिमय आपण केला आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते. अनेक राज्यांच्या वैद्यकीय प्रवेशांतही रहिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी-बारावीचे शिक्षण राज्यातच झाले असण्याची अट असते. आरक्षणाचेही तसेच आहे. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या आणि वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आलेल्या एका विद्यार्थ्याला महाराष्ट्रातील राखीव जागेवर हक्क सांगता येणार नाही, असा निकाल १९९० साली झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत, हे त्याचे कारण.

मग एवढे सारे मोजून बाहेर का जावे? या प्रश्नाचे एक उत्तर आसामच्या इतिहासात सापडते. गुवाहाटीचे कॉटन महाविद्यालय १९०१ साली सुरू झाले. त्यापूर्वी उच्च शिक्षणाची आस असलेल्या आसामी तरुणाला कलकत्त्याची वाट धरावी लागे. आसामच्या शाळांत आणि न्यायालयांत १८३६ ते १८७३ या काळात बंगाली भाषेचा अंमल होता. त्या बंगाली भाषेच्याच राजधानीत राहणाऱ्या आसामी विद्यार्थ्यांनी १८८८ साली आपल्या भाषेच्या उन्नतीसाठी एक सभा स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी ‘जोनाकी’ हे मासिक काढले. चंद्रकुमार आगरवाला, हेमचंद्र गोस्वामी आणि लक्ष्मीनाथ बेझबरुआ हे त्यांतील अग्रणी होत. आधुनिक आसामी साहित्याचे एक युगच या मासिकाच्या नावाने ओळखले जाते. बेझबरुआंचे पुढील आयुष्यही बव्हंशी आसामबाहेर गेले, पण त्यांनी लिहिले ते आसामीत. दूर गेल्यामुळे त्यांना आपली भाषा परकी झाली नाही. उलट शेजारच्या समृद्ध साहित्याच्या सान्निध्यात तिची उणीव आणि तिचे सामर्थ्य दोन्ही त्यांना दिसली.

हे मोल रुपयांत मांडता येत नाही. म्हणून ते गृहीतही धरता येत नाही. कलकत्त्याला गेलेल्या त्या तरुणांना जे हवे होते ते गावी मिळणे शक्यच नव्हते. आज मात्र तीच पदवी, त्याच दर्जाचे अध्यापन आणि तसेच ग्रंथालय स्वतःच्या राज्यात उपलब्ध असताना केवळ दूरच्या शहराच्या नावासाठी शेत गहाण टाकणारी कुटुंबेही आढळतात. यास्तव निर्णयापूर्वी दोन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. जे शिकावयाचे आहे ते घराजवळ खरोखरच मिळत नाही काय? आणि जाताना कोणते हक्क व कोणत्या सवलती मागे राहणार आहेत? पहिल्याचे उत्तर ‘मिळत नाही’ असे असेल, तर कर्ज काढूनही जाण्यात शहाणपण असू शकेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र गाडीत बसण्यापूर्वी, किंबहुना पुष्कळदा दहावीचा निकाल हाती येताच, माहीत करून घेतले पाहिजे.