उबदार अंकुरणपेटी आणि औषधी वनस्पतींची रोपनिर्मिती

गर्भोत्पत्ती समजावून सांगताना सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात अंकुराचा दृष्टांत योजला आहे. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार भाव विधिपूर्वक एकत्र आले म्हणजे जसा अंकुर फुटतो तसा गर्भ संभवतो, हे प्रत्येक वैद्याने विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. दृष्टांत गर्भासाठी असला तरी तो शेतातून उचललेला आहे. त्यामुळे औषधी वनस्पतींची रोपे स्वतः तयार करू पाहणाऱ्यास तो जसाच्या तसा लागू पडतो. प्रस्तुत लेखात विजेवर चालणाऱ्या ज्या अंकुरणपेटीचा विचार करावयाचा आहे, ती या चारांपैकी केवळ एका भावाची, म्हणजे ऋतूची, उणीव भरून काढते. उरलेले तीन तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

हे उपकरण मूळचे थंड देशांतले. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरची जमीन गारठलेली असते. तेथील उन्हाळा आखूड असल्याने टोमॅटो, मिरची यांसारखी ऊब मागणारी रोपे घरातच आधी तयार करावी लागतात. त्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावर मावेल अशी लांबट, अरुंद पेटी वापरतात. तळाच्या प्लॅस्टिकच्या बैठकीत तापणारी तार बंदिस्त केलेली असते, तिच्यावर मातीचे छोटे ट्रे आणि ट्रेवर पारदर्शक झाकण. त्यास प्रोपगेटर म्हणतात. झाकणाने ओल टिकते, तारेने तळाशी ऊब मिळते. रचना एवढीच आहे.

तत्त्व मात्र आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. थंडीच्या दिवसांत मटकीला मोड येत नाहीत म्हणून फडक्यात बांधलेली मटकी चुलीजवळ किंवा डब्यात गुंडाळून ठेवतात. बी भिजलेले असते, ते जिवंतही असते, अडलेले असते ते उबेवाचून. येथे एक बारकावा आहे. बियाला कळते ते मातीचे तापमान, खोलीच्या हवेचे नव्हे. ओली माती सतत बाष्पीभवनाने थंड होत असते, त्यामुळे खोलीत २० अंश सेल्सिअस असले तरी उघड्या ट्रेतील माती त्याहून गार असू शकते. रात्री खिडकीची काच गारठली की तिच्याजवळची माती आणखी गार होते. म्हणून ऊब खालून द्यावयाची. मातीत खुपसावयाचा साधा तापमापक याकरिता अवश्य घ्यावा. (दवाखान्यातला ज्वरमापक येथे निरुपयोगी, त्याची मोजणी ३५ अंशांच्या आसपासच सुरू होते!)

आता प्रश्न असा की महाराष्ट्रात याची गरज कोणाला? स्पष्टच सांगावयाचे तर बहुतेकांना नाही. कोकणपट्टीत हिवाळाही सौम्य असतो. देशावरसुद्धा जूनच्या लागवडीसाठी रोपे करावयाची असतील तर एप्रिल-मे महिन्यांत निसर्गच भरपूर ऊब पुरवितो, तेव्हा काळजी करावी लागते ती सावलीची. परंतु डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे या बाजूस रात्री चांगल्याच थंड असतात. निफाड परिसरात तर थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांच्याही खाली गेल्याची नोंद होते. या दोन महिन्यांत ज्यांना पेरणी करणे भाग आहे, त्यांच्यासाठीच ही पेटी.

भाग पडते ते कोणास? याचे उत्तम उदाहरण सर्पगंधा. तिची फळे पिकून काळपट जांभळी होतात आणि पावसाळ्यानंतरही काही काळ मिळत राहतात. या बियांची उगवणक्षमता साठवणीत झपाट्याने घटते. हिवाळ्याच्या तोंडी मिळालेले बी जूनपर्यंत डबीत ठेवले तर बरेचसे मृत निघते, आणि लगेच पेरले तर थंडीमुळे उगवत नाही. या कोंडीत अंकुरणपेटी खरोखर कामी येते. फळांचा गर धुऊन काढावा, बी पाण्यात टाकून तरंगणारे पोकळ बी काढून टाकावे, बुडालेले रात्रभर भिजवून पेरावे. मातीचे तापमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राखावे. तरीही संयम लागतो. सर्पगंधा एकदम उगवत नाही, तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ एकेक करून वर येत राहते, आणि निम्म्याहून कमी बी उगवले तरी त्यात नवल नाही. दहा दिवसांत काही दिसले नाही म्हणून ट्रे उपडा करणारे पुष्कळ असतात. ज्या वनस्पतीच्या मुळांसाठी रानातील झाडे उपटली गेली आणि जिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित करावा लागला, तिची दहा रोपे हाती लागली तरी ते थोडके नव्हे.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने दुसरा उपयोग अधिक रोकडा आहे. अश्वगंधेचे पीक कराराने घेणाऱ्या फार्मसीस शेतकऱ्याला बी पुरवावे लागते. फोकून पेरणीस हेक्टरी १० ते १२ किलो बी लागते, रोपे करून लावल्यास त्याच्या निम्म्याच्या आसपास. नीमचच्या बाजारातून आलेले बी नवे की जुने, हे डोळ्यांनी कळत नाही. पेरणी साधली नाही तर शेतकऱ्याचा हंगाम बुडतो आणि आपला मुळांचा पुरवठाही. म्हणून पोत्याच्या वरून, मधून, तळातून मिळून १०० बिया मोजून घ्याव्यात, अर्धा सेंटीमीटर खोल पेरून पेटीत सुमारे २५ अंशांवर ठेवाव्यात आणि रोज मोजणी लिहावी. अश्वगंधा साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत उगवते. तोपर्यंत व्यवहार पक्का करू नये. बाहेरच्या थंडीत हीच चाचणी घेतली तर चांगले बीही वाईट ठरण्याचा धोका असतो. ऊब स्थिर असेल तरच दोन पोत्यांची तुलना न्याय्य होते.

उपकरणाची निवड करताना तापमान-नियंत्रक, म्हणजे थर्मोस्टॅट, आहे की नाही हे प्रथम पाहावे. स्वस्त पेट्यांत तो नसतो. अशी पेटी मातीचे तापमान खोलीपेक्षा साधारण ५ ते १० अंशांनी वाढविते, इतकेच. ब्रिटनमधील १८ अंशांच्या खोलीत हे सोयीचे आहे. आपल्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी खोलीतच २८-३० अंश असतात, तेव्हा तीच पेटी माती ३८-४० अंशांपर्यंत नेऊन बी शिजवील. नियंत्रक नसलेली पेटी आपल्याकडे केवळ सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत चालवावी, आणि दिवसा उन्हे थेट झाकणावर पडत असतील तर झाकण उघडे ठेवावे. खर्चाची धास्ती नको. २५ वॅटची पेटी रात्रीचे १२ तास चालली तर एक तृतीयांश युनिटही वीज लागत नाही.

अंबूविषयी बोलावयाचे तर उबेपेक्षा अधिक रोपे पाण्याने मरतात. झाकणाखाली दमट, उबदार, कोंडलेली हवा असते आणि तीच बुरशीलाही मानवते. कालपर्यंत तरतरीत असलेली रोपे सकाळी जमिनीलगत नरम पडून आडवी झालेली दिसतात. यालाच रोपे कोलमडणे म्हणतात, आणि कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. माती ओलसर असावी, चिखल नसावा. पाणी ट्रेच्या तळाशी देऊन वर शोषू द्यावे. कोकोपीटमध्ये थोडी बारीक वाळू मिसळल्यास निचरा सुधारतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, बहुतेक रोपे वर येताच झाकण काढावे व खालची ऊब बंद करावी. उगवल्यानंतर रोपाची मागणी बदलते. त्यास आता प्रकाश हवा असतो. ऊब चालू ठेवली आणि प्रकाश अपुरा पडला तर रोपे पांढुरकी, लांबुडकी होऊन लोळतात. दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील खिडकी त्या दृष्टीने बरी. सर्पगंधेसारखी टप्प्याटप्प्याने उगवणारी बी असेल तर उगवलेली रोपे अलगद उचलून दुसऱ्या ट्रेत न्यावीत आणि मूळ ट्रे उबेत राहू द्यावा.

सर्वच बियांना ही ऊब मानवते असेही नाही. इसबगोल, धणे, ओवा, अहळीव ही रब्बीची मंडळी थंडीतच सुखाने उगवतात, त्यांच्यावर वीज खर्च करणे व्यर्थ. हिमालयातील अतिविषेसारख्या वनस्पतींच्या बियांना तर आधी दीर्घ थंडीचा काळ लागतो. तुळशीला मात्र ऊब प्रिय. तिचे बारीक बी मातीत पुरू नये, पृष्ठभागावर पसरून हलके दाबावे.

तुळशीवरूनच बीजाचा विषय निघतो. राम आणि कृष्ण तुळस जवळजवळ लावल्या असतील तर त्यांचा संकर सहज होतो, आणि कृष्ण तुळशीखालून गोळा केलेल्या बियांतून हिरवी रोपेही निघतात. दोन पानांच्या अवस्थेत बहुतेक रोपे एकसारखीच दिसतात. ब्राह्मी व मंडूकपर्णीच्या नावांचा घोळ आपणास परिचित आहेच, तो रोपवाटिकांतही चालतो. वनौषधींचे नाव आणि रूप दोन्ही जाणणारा रानातला गुराखी चरकाचार्यांनी सूत्रस्थानात उल्लेखिला आहे. आपल्या खिडकीत तो नसल्याने ट्रेवर पेन्सिलीने लिहिलेली पट्टी लावावी : वनस्पतीचे नाव, बी कोठून व कोणत्या ओळखीच्या झाडावरून घेतले ते, पेरणीची तारीख. शाई ओलीने पुसट होते, पेन्सिल टिकते.

दोन-तीन जोड्या खरी पाने आल्यावर रोपे पिशवीत हलवावीत. पहिले आठ दिवस त्यांस दिवसा सावलीत बाहेर ठेवून रात्री आत घ्यावे, मग हळूहळू सकाळचे ऊन दाखवावे. जानेवारीत पेरलेली रोपे उन्हाळाभर सावलीत जपून पावसाळा सुरू झाल्यावरच जमिनीत लावावीत.